काचेवर आपटून नवरंग गेला, सोलापुरातल्या काचेच्या बिल्डिंगांचं काय करायचं?

कंबर_तलाव | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय, एरवी नुसती वाचून जाते.

आज सकाळी ऑफिसला पोचले तर खाली वॉचमन काका पेपरात काहीतरी गुंडाळून उभे, म्हणाले मॅडम तुम्हाला पक्ष्यातलं कळतं ना, बघा बरं हे काय आहे. उघडलं तर नवरंग. अजून कोमट होता. मुठीत मावेल एवढा जीव आणि त्यावर किती रंग, पाठ हिरवी, खांद्यावर निळ्याचा एक तुकडा, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी आणि तिच्यावर बारीक पांढरी भुवई. चोचीच्या कडेला रक्ताचा एक थेंब वाळलेला. उचलला तर मान एका बाजूला कलली, तेव्हा कळलं की आता काही उपयोग नाही.

आमची बिल्डिंग होटगी रोडला, चार मजली, समोरची सगळी बाजू निळ्या काचेची. समोर रस्त्याच्या कडेला दोन मोठे कडुनिंब आणि एक गुलमोहर. सकाळी सात-साडेसातला त्या काचेत ही झाडं इतकी स्वच्छ दिसतात की माणसालाही क्षणभर वाटावं पलीकडं बाग आहे. काकांना विचारलं हे पहिल्यांदा झालं का, तर ते म्हणाले नाही ओ मॅडम, पाऊस सरला की पडतातच, झाडणाऱ्या मावशी सकाळी उचलून कचऱ्यात टाकतात, राहिलं तर मांजर नेतं. म्हणजे आम्ही दहाला येतो तेव्हा जागा स्वच्छ असते म्हणून तीन वर्षं मला काही कळलंच नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

मागच्या वर्षी एक होला आपटला होता, काचेवर त्याच्या पंखांचा अख्खा ठसा उमटलेला, पीस न पीस दिसत होतं, पांढऱ्या पावडरीनं काढल्यासारखं. तेव्हा मी ऑनलाइन गरुडाचं स्टिकर मागवून आतून चिकटवलं होतं. ते अजून तिथंच आहे आणि नवरंग त्याच्यापासून चार फुटांवर आपटलाय.

कुणाला ह्यातलं काही माहिती असेल तर सांगा. आपल्या गावात अशा बिल्डिंगा वाढतच चालल्यात, सात रस्त्यापासून आसऱ्यापर्यंत बघा नुसतं.

भैय्याचौक | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

वाचून कसंतरी झालं. पण एक प्रश्न, नवरंग सोलापुरात असतो? मी तर हिप्परग्याला जातो थंडीत, बदकं आणि पट्टकादंब बघायला, बाहेरून येणारे पक्षी म्हणजे तळ्यावरचे असंच डोक्यात होतं. आणि भोरड्या, त्या तर संध्याकाळी थव्यानं दिसतातच.

माळावरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ताई, तुम्ही धागा काढला हे फार बरं केलं. जरा लांबडं लिहितो, वाचा.

नवरंग आपल्याकडं राहायला नसतो, तो जाता-येता थांबतो. उन्हाळा संपताना दक्षिणेतून आणि श्रीलंकेतून निघतो, मध्य भारत, हिमालयाचा पायथा असा वर सरकून पावसाळ्यात घरटी करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परत खाली निघतो. म्हणजे मे-जून आणि आत्ता असे दोनदा तो आपल्या डोक्यावरून जातो. आणि जातो तो रात्री. आपण झोपेत असताना. पहाटे दमून खाली उतरतो, झाडी शोधतो, पाचोळ्यात किडे उकरून खातो, त्यामुळं कधी कुणाच्या परसात, कधी कॉलेजच्या आवारात अचानक दिसतो. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला सहाच्या सुमाराला शीळ घालतो म्हणून. आता विचार करा, रात्रभर उडून आलेला पक्षी पहाटे सहाला होटगी रोडवर उतरतोय, खाली काँक्रीट, आणि समोर निळ्या काचेत कडुनिंब दिसतोय. तो तिथंच जाणार.

आणि नवरंग एकटा नाही. थिरथिरा, वटवट्ये, माशीमार, शंकर, धोबी ही सगळी बारकी मंडळी ह्याच दिवसांत येतात, त्यातली बरीचशी रात्रीच प्रवास करतात. भोरड्या दिवसा थव्यानं उडतात, त्या दिसतात म्हणून आपल्याला माहिती. बाकीचे दिसतच नाहीत, म्हणून ते मेलेलेही दिसत नाहीत.

काच त्यांना का कळत नाही ते सांगतो. आपल्यालाही काच नुसती बघून कळत नाही, चौकट दिसते, हँडल दिसतं, दार आहे हे आधीपासून माहिती असतं म्हणून आपण थांबतो. पक्ष्याला ते कुणी शिकवलेलं नाही. त्यात बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला, बाजूचं त्यांना भरपूर दिसतं, नाकासमोरचं आपल्याइतकं नीट नाही. आपला नान्नजचा माळढोक घ्या, त्याला उडताना समोरचं फार कमी दिसतं, म्हणून राजस्थान-गुजरातकडं माळढोक विजेच्या तारांवर आपटून मेले आणि प्रकरण २०२१ ला सुप्रीम कोर्टात गाजलं. तिथं तार, इथं काच.

गरुडाच्या स्टिकरचं म्हणाल तर त्याचा उपयोग नाही हो. पक्षी त्याला गरुड समजत नाही, नुसता एक डाग समजतो आणि डागाच्या बाजूनं निघायला बघतो. बाजूला परत काचच.

भैय्याचौक | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

बाप रे, हे काही माहितीच नव्हतं. मग उपाय काय?

अॅल्युमिनियम_सेक्शन | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीला माझं वर्कशॉप आहे, अशा काचा मीच लावतो म्हणून बोलायलाच पाहिजे. गिऱ्हाईक येतं ते मोबाईलवर पुण्याच्या बिल्डिंगचा फोटो दाखवत येतं, असंच पाहिजे म्हणतं. निळी किंवा हिरवी रिफ्लेक्टिव्ह, मधे एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमचे पॅनेल, झालं. त्याला उन्हाचं सांगितलं तरी पटत नाही, पक्ष्यांचं तर मी आजवर कधी विचारातच घेतलं नव्हतं, खरं सांगतो.

पण एक गोष्ट मला रोज दिसते ती सांगतो. नवीन साइटवर काच बसवली की आम्ही तिच्यावर चुन्यानं मोठ्या फुल्या मारतो, लेबर धडकू नये म्हणून. त्या फुल्या असेपर्यंत कधी पाखरू पडलेलं बघितल्याचं आठवत नाही. ताबा द्यायच्या आधी काच पुसून लखलखीत करतो आणि मग पडतात. काल रात्री हा धागा वाचला तेव्हा एकदम डोक्यात आलं.

दुसरं, ताई तुम्ही स्टिकर आतून लावलंय. रिफ्लेक्टिव्ह काचेला दिवसा आतून काहीही लावा, बाहेरून दिसणारच नाही, बाहेर उजेड जास्त असतो तोवर ती आरसाच असते. जे काय करायचं ते बाहेरच्या अंगाला. आणि बाहेरच्या अंगाला स्वस्तातली फिल्म आपल्या उन्हात टिकत नाही, कडा सुटतात, पिवळी पडते. चांगली घ्या नाहीतर दुसरं काहीतरी बघा.

माळावरचा | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

साहेब, तुमची चुन्याची फुली म्हणजे खरोखर अर्धा उपाय आहे. नुसती फुली पुरत नाही कारण मधे मोठी मोकळी जागा राहते. बारक्या पक्ष्याला वाटतं ह्यातून मी जाईन, झाडाच्या फांद्यांतून तो असाच सुसाट जातो ना. म्हणून खुणांमधलं अंतर दोन इंचापेक्षा जास्त नको, आडवं आणि उभं दोन्हीकडं, आणि पूर्ण काचेवर. ठिपका साधारण पाव इंचाचा तरी हवा.

हे चालतं का, तर चालतं. अमेरिकेत शिकागोला तळ्याकाठी मॅककॉर्मिक प्लेस नावाचं मोठं प्रदर्शन केंद्र आहे, सगळी काच. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून रोज पहाटे त्या इमारतीभोवती फिरून मेलेले पक्षी गोळा करत होते, चाळीस हजारांच्या वर पक्षी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी उचलले. ५ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तर एकाच रात्रीत त्या एका इमारतीवर जवळपास एक हजार पक्षी मरून पडले. त्याचे फोटो जगभर गेले, लोक चिडले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या काचांवर बाहेरून बारीक ठिपक्यांची फिल्म लावली. त्या पुढच्याच हंगामात मरणारे पक्षी जवळजवळ ९५ टक्क्यांनी कमी झाले. इमारत तीच, तळं तेच, नुसते ठिपके.

अमेरिकेत वर्षाला काचेवर आपटून किती मरतात ह्याचा २०१४ चा अंदाज साडेछत्तीस कोटी ते जवळपास नव्याण्णव कोटी असा होता. आपल्याकडं कोण मोजतंय? तुमच्या मावशी मोजत असतील तर त्याच.

कंबर_तलाव | १५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

दादा, मावशींना आज विचारलं. त्या म्हणाल्या दसऱ्यापासून सात-आठ तरी झाले असतील, एक "हिरवा-पिवळा, बारका", एक "खंड्या असतो ना तसला, निळा", बाकी होले आणि बुलबुल. त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता, म्हणाल्या मला काय माहिती मॅडम तुम्हाला दाखवायचं असतं, मी आपली कचऱ्यात टाकत गेले. मी म्हणलं मावशी तुमची काय चूक.

वॉचमन काकांना एक वही दिलीय आजपासून. तारीख, वेळ, कुठल्या बाजूला, कसा दिसतो, जिवंत की मेलेला.

तिसरी_गल्ली | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

राग मानू नका पण मनातलं बोलतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, रस्त्याला खड्डे, पोरांना नोकरी नाही म्हणून पुण्याला जातात. आता कुठं गावात दोन चकचकीत ऑफिसं, शोरूम यायला लागलीत तर त्यांना म्हणायचं ठिपके लावा. गुंतवणूक करणारा माणूस हसेल. आणि नायलॉन मांजानं किती पक्षी कापले जातात ते आधी बघा की, त्याच्यावर २०१७ ला बंदी आली तरी मिळतोच.

जाळीदार_खिडकी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४५

दादा तुमचं म्हणणं चूक नाही, पाण्याचं दुखणं मीही रोज भोगते. मांजाचंही बरोबर. पण मी आर्किटेक्ट आहे, मला हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत.

सोलापूरचा एप्रिल-मे आठवा. पारा ४३-४४ ला, कधी त्याच्याही वर. त्या उन्हात पश्चिमेला तोंड करून अख्खी काचेची भिंत उभी करायची आणि मग आत एसीवर एसी लावायचे. काच उन्हापासून वाचवायची असेल तर ऊन काचेला लागायच्या आधी, म्हणजे बाहेरच, अडवायला लागतं. आत पडदा लावला तरी उष्णता आत आलेलीच असते. पक्ष्याचंही तेच आहे, अॅल्युमिनियम दादांनी सांगितलंच की खूण बाहेरूनच पाहिजे. म्हणजे काचेच्या बाहेर एक जाळी, उभ्या पट्ट्या, खोल छज्जा, वेताची चीक, काहीही लावा, लाईटबिल कमी येतं आणि पाखरं पण वाचतात. आपल्या जुन्या वाड्यांना, जुन्या गिरण्यांच्या ऑफिसांना लाकडी झडपा होत्या, खिडक्या आत घेतलेल्या होत्या. सावलीसाठीच केलं होतं त्यांनी, पण त्या खिडकीवर आपटून पाखरू मेल्याचं माझ्या आजीनं कधी सांगितलं नाही.

आणि गुंतवणूकवाले हसणार नाहीत. न्यूयॉर्कसारख्या शहरानं २०२० चा कायदा करून नवीन इमारतींना जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल असंच मटेरियल सक्तीचं केलं. ७५ फूट का, तर झाडांच्या उंचीपर्यंतच सगळ्यात जास्त धडका होतात. तिथल्याच जॅविट्स सेंटर नावाच्या प्रदर्शन केंद्राची काच २०१४ पर्यंत बदलली, काचेवरच बारीक ठिपके भाजून घेतलेली लावली, धडका ९० टक्क्यांनी कमी आणि वीजही वाचली. आपल्याकडं बहुतेक बिल्डिंगा तीन-चार मजल्यांच्या, म्हणजे अख्खी बिल्डिंगच धोक्याच्या उंचीत येते हे खरं, पण शिडी लावून हात पोचेल अशीही आहे.

नवीन प्लॅनमध्ये मी आता कोपऱ्याला कोपरा काच लावणं बंद केलंय. दोन्ही बाजूंनी काच असली की पक्ष्याला आरपार दिसतं आणि तो मधून निघायला जातो. टेरेसची काचेची रेलिंगही तशीच वाईट.

तिसरी_गल्ली | १५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

लाईटबिलाचं पटलं. माझ्या मेव्हण्याच्या शोरूमला हेच झालंय, मे महिन्यात दुपारी काचेजवळ उभं राहवत नाही. त्याला हा धागा पाठवतो.

पूर्व_भाग | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मी बी वाचायलोय कालपासून. यंत्रमागावर आयुष्य गेलं आपलं, चादरीचा कारखाना आहे बारका. फिल्म-बिल्म महाग पडतंय म्हणून थांबायलाव काय? सूत लावा की. चादरीचं जाड सूत असतंय, पांढरं, कोरं, बॉबिनवर उरलेलं किती तर पडून असतंय. वरनं एक पट्टी मारायची आणि उभ्या दोऱ्या सोडायच्या काचेसमोर. मी देतो पाहिजे तेवढं, पैसे नकोत.

माळावरचा | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

काका, तुम्ही एकदम नेमकं बोललात! बाहेर लोक हेच करतात, काचेच्या बाहेरून उभ्या दोऱ्या टांगतात, ठिपक्यांना दोन इंच पण सलग दोऱ्यांना चार-चार इंच चालतं, खालचं टोक मोकळं सोडलं तरी चालतं, वाऱ्यानं हलतात तेही बरंच. पक्ष्याला ते दाट वेलींसारखं काहीतरी दिसतं, तो वळतो. आतून आपल्याला दोनच दिवसांत सवय होते.

फक्त दोन गोष्टी. नुसतं एक पदरी सूत बारीक पडेल, लांबून दिसणार नाही आणि पायात अडकायची भीती. पीळ मारून दोरी करा, साधारण तीन मिलिमीटर. आणि कुठंही फास, गाठीचा लोंबता लूप ठेवू नका. जाळी लावायची असेल तर ती काचेपासून दोन-तीन इंच पुढं आणि ताणून बसवा, सैल जाळीत पाखरू गुंतून मरतं, मग काचेनं मेलं काय आणि जाळीनं मेलं काय.

पूर्व_भाग | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

तीन पदर घेतले की होतंय तीन एमएम. आज दुपारीच पीळ मारून घेतो पोराकडनं.

जुळे_सोलापूर_३ | १६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

आमच्या हॉलच्या खिडकीवर एक बुलबुल रोज सकाळी टकटक करतो, अर्धा-अर्धा तास. तो पण मरेल का? मुलगी घाबरलीय.

माळावरचा | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

नाही ताई, ते वेगळं. तो काचेत स्वतःलाच बघतो आणि दुसरा बुलबुल आपल्या हद्दीत घुसला समजून भांडतो. जवळच घरटं असणार. काचेला बाहेरून साबणाची वडी घासा किंवा पेपर चिकटवा, प्रतिबिंब गेलं की तोही जाईल. मुलीला सांगा काही होत नाही त्याला.

पण बाल्कनीत पाण्याचं भांडं ठेवत असाल तर ते काचेपासून एक तर हातभर अंतरात ठेवा, नाहीतर पार तीस फूट लांब. मधल्या अंतरावर ठेवलं की पक्षी दचकून उडताना पूर्ण वेगात येऊन काचेवर आदळतो. जवळ असलं तर वेगच धरता येत नाही. उन्हाळ्यात आपण सगळेच पाणी ठेवतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

भैय्याचौक | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

आणि आपटलेला पक्षी जिवंत सापडला तर? मागं एकदा मी चमच्यानं पाणी पाजलं होतं, मेला तो.

माळावरचा | १६ ऑक्टोबर, रात्री ९:५५

पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. बुटाचा खोका घ्या, भोकं पाडा, तळाला सुती कापड, पक्षी अलगद ठेवून झाकण लावा आणि अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पंखा नको, मुलांना सारखं दाखवणं नको. त्याला डोक्याला मार बसलेला असतो, अंधारात तो शांत होतो. तास-दोन तासांनी खोका बाहेर झाडाजवळ नेऊन उघडा. उडाला तर उत्तम. नाही उडाला, पंख लोंबतोय, रक्त आहे, तर वन विभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा. घरी पाळायच्या भानगडीत पडू नका, १९७२ च्या कायद्यानं ते चालत नाही. तुम्ही जे केलं ते जीव लावून केलं, ते मनाला लावून घेऊ नका.

मंगल_कार्यालय_कॉर्नर | १८ ऑक्टोबर, रात्री १२:३०

रात्रीच्या लाईटचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी साउंड-लाईटचा व्यवसाय करतो. ढगाळ रात्री आम्ही शार्पी, म्हणजे लांब झोताचा लाईट, आकाशात सोडतो तेव्हा त्या झोतात बारके पांढरे ठिपके फिरताना दिसतात, गोल गोल. मी आजपर्यंत किडे समजत होतो. परवा हे वाचल्यावर लक्ष देऊन बघितलं, काही किडे होते, पण काही किडे नव्हते. बारीक आवाज पण येत होता वरून, टिस्... टिस् असा.

माळावरचा | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

तुमचा हा मेसेज वाचून अंगावर काटा आला. रात्री प्रवास करणारे पक्षी उडताना एकमेकांना असेच बारीक आवाज देतात.

ते ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरतात. ढग आले की तारे जातात, आणि खाली मोठा झोत असला की ते त्याच्याकडं ओढले जातात, त्यातून बाहेर पडता येत नाही, दमेपर्यंत फिरत राहतात. न्यूयॉर्कला ९/११ च्या स्मरणार्थ दरवर्षी आकाशात दोन मोठे झोत सोडतात. तिथं सात वर्षांतल्या सात रात्रींचा अभ्यास झाला, अकरा लाख पक्ष्यांवर परिणाम झाला असा अंदाज निघाला. पण झोत बंद केला की थोड्याच वेळात पक्षी पांगून आपल्या वाटेला लागायचे. म्हणून आता झोतात हजाराच्या वर पक्षी जमले की वीस मिनिटं दिवे बंद ठेवतात.

शिकागोच्या त्या इमारतीचाही असाच हिशेब निघालाय, रात्री खिडक्यांतले दिवे कमीत कमी ठेवले तर मरणारे पक्षी साधारण ६० टक्क्यांनी घटतील. ऑफिस सुटल्यावर मजलाभर ट्यूब चालू ठेवायचं तसं काही कारणच नसतं.

मंगल_कार्यालय_कॉर्नर | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मग मी शार्पी खाली मांडवाकडं मारत जाईन, वर आकाशात सोडणार नाही, निदान ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जूनला तरी. पार्टीला सांगेन डेकोरेशनवर मारलं की फोटो पण चांगले येतात. आमच्या लाईनमधल्या दहा-बारा जणांना सांगायची जबाबदारी माझी.

कंबर_तलाव | ३० ऑक्टोबर, रात्री १०:००

दिवाळीच्या सुट्टीमुळं उशीर झाला, सगळं सांगते.

बिल्डिंगच्या सोसायटीच्या मीटिंगला गेले होते. आधी नाहीच म्हणाले, दर्शनी बाजू खराब दिसेल, भाडेकरू तक्रार करतील. मी वही ठेवली समोर. काकांनी पंधरा दिवसांत पाच नोंदी केल्यात, दोन होले, एक बुलबुल, एक खंड्या, आणि एक वटवट्या जो खोक्यात ठेवून दीड तासानं उडून गेला. काकांच्या अक्षरात "उडाला, ११:४०" असं लिहिलंय, त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात. चेअरमननी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले एका बाजूला करून बघा.

पाचही नोंदी समोरच्याच बाजूच्या आहेत, आणि पाचातल्या चार कडुनिंबासमोरच्या अर्ध्या भागात. गुलमोहराकडच्या भागात एक. म्हणून कडुनिंबासमोरचा भाग घेतला. पूर्व भागच्या काकांनी दोरीची तीन मोठी बंडलं आणून दिली, पीळ इतका एकसारखा की बघत राहावं. अॅल्युमिनियम दादा स्वतः दोन पोरं आणि शिडी घेऊन रविवारी आले, वर सेक्शनची पट्टी मारली, चार-चार इंचावर भोकं पाडून दोऱ्या ओवल्या, खाली टोकाला बारीक गाठ. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला झालं. संध्याकाळी रस्त्यापलीकडून बघितलं तर मागावर ताणा लावल्यासारखं दिसत होतं. काका म्हणाले आता ही खरी सोलापूरची बिल्डिंग दिसायली.

वरच्या दोन मजल्यांना झुला, म्हणजे बाहेरून टांगता पाळणा, लागेल, ते अजून बाकी.

पूर्व_भाग | ३० ऑक्टोबर, रात्री १०:२०

पीळ माझ्या पोरानं मारलाय, त्याला सांगतो ताई बरं म्हणल्या म्हणून.

जाळीदार_खिडकी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

फोटो बघितला, सुंदर दिसतंय. मला हे प्लॅनमध्येच घालता येईल, सूत नाही पण तसल्याच उभ्या पट्ट्या. एका क्लायंटशी आज बोलते.

माळावरचा | १ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

५ तारखेपासून पक्षी सप्ताह आहे. ५ नोव्हेंबर आपल्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा पाळतात. चितमपल्ली सोलापुरात जन्मले, आयुष्यभर जंगलात राहिले, शेवटी परत इथंच आले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. ह्या आठवड्यात शाळा मुलांना हिप्परग्याला नेतात, ते चांगलंच आहे. ह्या वेळी दोन-तीन शाळांना मी विचारलंय की एक सकाळ मुलांना गावातच फिरवू, पावणेसातला, झाडलोट व्हायच्या आधी, आणि काचेच्या बिल्डिंगांच्या पायथ्याशी काय पडलंय ते बघू. कुणाला यायचं असेल तर सांगा. हातमोजे आणि एक-दोन रिकामे खोके आणा.

कंबर_तलाव | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

तीन आठवडे होऊन गेले, वहीतून उतरवतेय. दोऱ्या लावलेल्या दोन मजल्यांसमोर एकही नोंद नाही. गुलमोहराकडच्या मोकळ्या भागात तीन, दोन होले आणि एक माशीमार, माशीमार मेली. तीन आठवडे म्हणजे फार नाहीत आणि गर्दीचे दिवसही सरत आलेत, त्यामुळं लगेच सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, मे-जूनला नवरंग परत वर जातील तेव्हा खरं कळेल. पण वही चेअरमनना दाखवली आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, गुलमोहराकडचं कधी करायचं.

काल सकाळी एक थिरथिरा आला होता. दोऱ्यांच्या वरच्या पट्टीवर बसला, शेपूट थरथर थरथर करत, काचेकडं बघितलं, आणि सरळ वर उडून टेरेसवर गेला. काका धावत मला बोलवायला आले होते.

पूर्व_भाग | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

गुलमोहराकडची लांबी किती फूट ते कळवा. आणि झुला कुणाकडं मिळतोय का बघा, वरच्या दोन मजल्यांचं सूत मी बाजूला काढून ठेवलंय.

अॅल्युमिनियम_सेक्शन | २२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

झुला माझ्याकडं आहे. ३० तारखेला रविवार मोकळा आहे, सकाळी सातला येतो. गुलमोहराकडं अठ्ठावीस फूट धरा, मागच्या वेळी मोजलं होतं.